सुमनचं यंत्र आणि हलव्याचे दागिने

१८ डिसेंबर १९६१, सोमवार. अमरावती.
शेजारच्या वकिलीणबाई सकाळीच आल्या. सोबत साखर, साबुदाणा, खसखस. "सुनेची पहिली संक्रांत, काकू. हलव्याचे दागिने तुमच्याच हातचे हवेत." हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, कुड्या, कंबरपट्टा. सगळ्याला हो म्हटलं. मग दार लोटून हळूच: "तिचं ते कानाचं यंत्र. हार जरा रुंद करा, म्हणजे खाली झाकलं जाईल. फोटोवाला येणार आहे. फोटो बैठकीत लागेल, जन्मभर राहील. त्यात ते दिसता कामा नये."
सुमन अकोल्याची, जुन्या शहरातली. लग्नाला आठ महिने झाले. लहानपणी तापात कान गेले, अगदी थोडं ऐकू येतं. यंत्र वडिलांनी मुंबईहून आणलेलं. पानाच्या डबीएवढी डबी पोलक्याच्या आत, तिथून वायर उजव्या कानापर्यंत. कोणी यायचं असलं की व.बाई (वकिलीणबाई) काढून ठेवायला लावतात.
रुंद हार करते म्हणाले. त्यात काय एवढं.

२१ डिसें., गुरुवार
पहाटेपासून परातीपुढे. थंडी छान, दाण्यांवर काटा धरतोय. पाकाचा थेंब, बोटं फिरवायची, परत थेंब. बोटांची टोकं लाल.
हात चालू असले की डोकं मोकळं राहतं, आणि मग हेच आठवतात. सात वर्षं झाली ह्यांना जाऊन. शेवटच्या आजारात ह्यांचा आवाज गेला. पाटीवर लिहायचे. मला अक्षर येत नव्हतं, मी पाटी घेऊन शेजारी पळायचे, काय लिहिलंय बघा हो. एकदा शेजारच्यांनी वाचलं आणि हसले. लिहिलं होतं, "आज अंबाडा छान बांधलास." मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी 'अ' गिरवायला बसले. पुढचं ह्यांचं सगळं मी वाचलं. पाच महिन्यांचं.
आता वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिते.

२४ डिसें., रविवार
दूधवाली गंगूबाई हार बघून उभीच राहिली. "कावून वो काकू, एवढा रुंद? नवरीच्या गयात का बैलाची झूल घालून राहिल्या?" खरं कारण सांगितलं. तर म्हणे, "आमच्या मामंजीले चष्मा हाय. तो का त्याले धोतरात लपवते?"
हसू आलं. पण मग दिवसभर तेच डोक्यात.

२ जानेवारी १९६२, मंगळवार
सुमनला दुपारी बोलावलं. रुंद हार घातला, खाली डबी, डबीला मी शिवलेली पिशवी. पिशवीला कांजी घातलेलं कापड, डबी हलू नये म्हणून. झकास झाकलं गेलं. मी समाधानाने विचारलं, टोचत नाही ना? ती नुसती बघत राहिली. परत विचारलं. तिने डोळे मिटले, श्वास रोखला, मग म्हणाली, "काकू, आता बोला."
श्वास घेतला की हार डबीवर घासतो. कांजीचं कापड घासतं. यंत्राला जवळचं आधी ऐकू येतं. मी पावशेर काटेरी हलवा त्याच्या तोंडावर नेऊन ठेवलेला.
"मला फक्त साखर ऐकू येते," म्हणाली. रागावली नाही. "लग्नानंतर आईंनी पोलक्यात घालायला लावलं तेव्हापासून असंच आहे. घरात सगळ्यांना वाटतं यंत्र कामाचं नाही. ते चांगलं आहे, काकू. मी त्याला कपड्यांत पुरून ठेवलंय."
सात दिवसांचं काम, आणि करताना एकदाही तिला विचारलं नाही.

४ जाने., गुरुवार
सुमन स्वतःहून आली. हातात रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेलं. मला वाटलं रांगोळी आहे. नव्हती. दागिना होता.
डबी पोलक्याबाहेर, उजव्या बाजूला, पदर डावीकडे असतो म्हणून. वर मऊ काळी मखमल, आवाज आत जातो ते भोकांचं तोंड उघडं. भोवती हलव्याचे किरण, पण डबीपासून बोटभर लांब. वायरला पांढरं रेशीम गुंडाळायचं. "वायरवर एकही दाणा नको. दाणे दोन्ही काठांनी चालतील, वायर मधून एकटी." उजव्या कानात यंत्राची बोंडी, डाव्या कानात हलव्याची कुडी अगदी तेवढीच.
"संक्रांत सूर्याची. मग सूर्यच करू."
किती वेळ बघत बसले. वीस वर्षं दागिने करतेय. हार म्हणजे हार, बिंदी म्हणजे बिंदी. माणूस बघून दागिना कधी केला नाही. ही बावीस वर्षांची पोर. म्हटलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "शाळेत मागच्या बाकावर. ऐकू यायचं नाही, मग काढत बसायचे."

९ जाने., मंगळवार
दोन दिवस ढग. काटा बसला, किरण चिकट झाले. सगळे काढून टाकले. आज ऊन पडलं, परत.
संध्याकाळी करून पाहिलं. ती खिडकीशी पाठमोरी, मी स्वयंपाकघरात. नेहमीच्या आवाजात म्हटलं, चहात आलं घालू का? वळली नाही, नुसतं म्हणाली, "घाला, पण मागच्यासारखं तिखट नको."
आल्यावरून बोलणी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी.

११ जाने., गुरुवार
व.बाईंना दाखवलं. चेहरा उतरला. "मी झाकायला सांगितलं, तुम्ही मखर केलं त्याचं! चार बायका काय म्हणतील? बैठकीत येणारा प्रत्येक पक्षकार विचारेल, सुनेच्या छातीवर हे काय."
सुमन: "तर तुम्ही सांगा ना, आई."
"काय सांगू?"
"की मला ऐकू येतं."
व.बाईंनी मुलाला विचारलं, तो "आई म्हणेल तसं" म्हणून कचेरीत. वा रे नवरा.
शेवटी ठरलं: फोटो दोन. एक यंत्राशिवाय, एक यंत्रासकट. "कोणता लावायचा ते मी ठरवीन." सुमन हो म्हणाली. मला वाईट वाटलं, पण तिला नाही. म्हणाली, "आठ महिन्यांत पहिल्यांदा दोन म्हणाल्या."
व.बाई वाईट नाहीत. त्यांना लोक दिसतात, एवढंच.

१४ जाने., रविवार. संक्रांत.
दागिने पोचवले. चढवायला सवाष्ण हवी, म्हणून मी उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. वायर कशी घ्यायची हे त्या बायकांना समजेना. तर सुमनने आरशासमोर स्वतःच चढवलं आणि मी दारातून सांगत गेले. मानेमागून घे. आता वर. सैल सोड. एवढ्या बायकांच्या गलक्यात मला एक शब्द दोनदा सांगावा लागला नाही.
काळी चंद्रकळा, अंगभर पांढरा हलवा, उजवीकडे तो सूर्य. अमरावतीत अशी नवरी कोणी पाहिली नसेल. एकीने विचारलं, "हे नवीन काय गं, मुंबईची फॅशन?" सुमन म्हणाली, "नाही, माझी."
हळदीकुंकवाच्या आत निघून आले. ही वेळ दरवर्षी जड जाते. यंदा जरा कमी.

२७ जाने., शनिवार
व.बाईंनी फोटो बघायला बोलावलं. घरात दोघीच. बैठकीत खिळा ठोकलेला, चौकट एकच आणलेली. टेबलावर दोन फोटो.
पहिला यंत्राशिवाय. दागिने सुरेख, सुमन सुरेख, पण डोळे फोटोवाल्याच्या हातावर, हात काय सांगतोय ते शोधणारे. ओठ घट्ट. दुसऱ्यात ती जराशी बाजूला वळलेली, हसतेय, चित्रात नसलेल्या कुणाकडे तरी बघून.
"कोणाकडे बघते हो?" मी विचारलं.
"माझ्याकडे," व.बाई म्हणाल्या. "मी मागून काहीतरी बोलले. काय ते आठवतही नाही. ती ऐकेल असं वाटलंच नव्हतं."
चौकट करणारा उद्या सकाळी यायचा आहे. कोणता देणार, विचारलं नाही. विचारणं माझं काम नव्हे.
व.बाईंनी दुसरा फोटो उजेडात धरला आणि डबीवर अंगठा ठेवला. बघितलं. अंगठा उचलला. परत ठेवला.
चहा संपवून मी निघाले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.