पांढऱ्या पानांचा सांभाळ

ता. ४ जून

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

तुरुंगाचा पत्ता लिहिताना अजून हात अडतो. असो. तुझी माशांची टाकी ठीक आहे, पण त्यातल्या पांढऱ्या पानांच्या झाडाचं काही कळत नाही. मासे निदान खायला तरी मागतात. हे ना वाढतं, ना मरतं. डुगडुगत होतं म्हणून मी खोड वाळूत घट्ट पुरलं आणि वर मोठा दिवा लावला. तर खोड मऊ पडलं नि पानांवर शेवाळ चढलं. शेजारचे शिंपी म्हणाले, हे झाड आहे की आजारी पाहुणा! काय करू ते कळव.

आई बरी आहे. तिच्या पत्राची वाट बघू नकोस. तुझ्या ट्रकखाली गेलेल्या मास्तरांचं नाव निघालं, की ती अजून उठून आत जाते.

जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझा,
बाबा

ता. १९ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

बाबा, त्या झाडाला घाई चालत नाही. खोड वाळूतून काढा, मऊ भाग कापून टाका, उरलेलं दोऱ्याने दगडाला बांधा. मुळं आपणच दगड धरतील. दिवा मंद ठेवा. पांढऱ्या भागाला स्वतःचं पोट भरता येत नाही, तो हिरव्या ठिपक्यांच्या जिवावर जगतो. महिन्याला एक पान आलं तरी पुष्कळ समजा.

इथे मला सुतारकाम दिलंय, दिवस जातो. डोळे मिटले की मात्र स्टिअरिंग हातात येतं. डुलकी क्षणभरच लागली, असं आपले वकील सारखं म्हणत होते. मास्तरांना तो क्षण पुरला. लवकर सुटकेसाठी अर्ज केलाय. आईला म्हणावं, चार ओळी नकोत, नमस्कार पोचला एवढंच लिही.

दोघांची माया आटू देऊ नका.

आपला,
ठोंब्या

ता. ३० जुलै

चि. बाळास, अ. उ. आ.

आज मास्तरांची बायको आली होती. बाबा बाजारात गेलेले. दार मीच उघडलं. आत बसवून पाणी दिलं. ती टाकीकडे बघत राहिली, मग म्हणाली, ही कुणाची. तुझी, असं सांगितलं. झाडाला नवं पान आलंय, ते तिला दाखवलं. का दाखवलं, देव जाणे.

तुझ्या अर्जाला ती विरोध करणार आहे. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगावं म्हणून आली. मी म्हटलं, कर बाई, तुझ्या जागी मी असते तर मीही केला असता. राग मानू नकोस.

उठताना तिने विचारलं, मुलाला पत्र लिहिता का. मी नाही म्हटलं. तर म्हणाली, लिहीत जा हो, तुम्हाला उत्तर तरी येईल.

ती गेल्यावर खूप रडले, मग कागद घेतला. अर्ज बहुतेक फेटाळतील, मन घट्ट कर. जेवतोस ना नीट? उलट टपाली कळव.

वाट बघणारी,
तुझी आई