भौतिकशास्त्राचा पेपर आणि तुमची लेक

प्रिय ताई,

माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. तुमच्या लेकीच्या बाबांशी लग्न करून मी ज्या घरात आले, तिथून लिहिते आहे. तुम्हाला ताई म्हणावं की नाही यावर बराच खल केला, पण दुसरं काही सुचेना. फोनवर आपण 'देते हं तिला' यापलीकडे कधी गेलो नाही. आज जरा सविस्तर बोलते.

निकाल तिने कळवलाच असेल. भौतिकशास्त्राचे गुण पाहून तिच्या बाबांनी गुणपत्रिकेवरचं नाव दोनदा वाचलं, आपलीच आहे ना म्हणून! कारण सराव परीक्षेत ती याच विषयात नापास झाली होती. अणूतले कण आणि वीज, हे धडे तिच्या डोक्यात शिरतच नव्हते. बाबा शिकवायला बसले. त्यांचं शिकवणं तुम्हाला ठाऊक आहे. "यात न कळण्यासारखं काय आहे?" हे पुन्हा पुन्हा ऐकून तिने पुस्तक मिटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मग मी गेले. मी इस्पितळात एक्स-रे काढते, त्यामुळे हिला हे सगळं येत असेल असं तिला वाटलं. मला कसलं येतंय! इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आदळले की ते किरण निघतात, इथपर्यंतच माझी मजल. म्हटलं, तूच मला शिकव, मी मठ्ठ आहे असं समज. "समजायला कशाला हवं," असं ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

तेव्हापासून माझी ड्यूटी संपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायची. प्रोटॉन, न्यूट्रॉन, रोध, विभवांतर... ती सांगायची, मी अडाणी प्रश्न विचारायची. इलेक्ट्रॉन एकीकडे जातात आणि आकृतीत प्रवाहाचा बाण उलटा, असं का गं? तिने शोधून काढलं, की इलेक्ट्रॉनचा पत्ता लागण्याआधीच बाणाची दिशा ठरवून टाकली होती. "मग कळल्यावर बदलली का नाही?" ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, "सगळ्यांचं पाठ झालं असेल. पुन्हा कोण घोकत बसणार?" ती खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर तिला हसताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

ती मला 'अहो' म्हणायची, ताई. मीही तिच्या बाबांना अहोच म्हणते, त्यामुळे या घरात दोन 'अहो' नांदत होते. मी कधी तक्रार केली नाही. तिच्या केसांना मात्र ती मला हात लावू द्यायची नाही. वाकडी का होईना, वेणी स्वतःच घालायची.

एका रविवारी घर्षणाने येणाऱ्या विद्युतभाराचा धडा निघाला. कोरडी थंडी होती. मी प्लॅस्टिकचा कंगवा आणला, टेबलावर कागदाचे कपटे पसरले. तिने स्वतःच्या केसांतून तो दोनचार वेळा फिरवला, पण कपटे हलेनात. मग कंगवा माझ्या हातात देऊन ती पाठ करून बसली. मी विंचरायला लागले. केस तडतडले, कंगव्याकडे झेपावले. "हळू ना, ओढू नकोस," ती म्हणाली. नकोस! तिच्या ध्यानात आलं नाही, माझा हात मात्र थांबला. मग कंगवा कपट्यांवर धरला, तसे ते टुणकन उडून चिकटले, तरी ती उठली नाही. म्हणाली, "आई अजिबात ओढायची नाही." मग थोड्या वेळाने, "पुढच्या शिक्षणाला आईकडे राहू का असं विचारलं, तर ती हो म्हणेल?" मी म्हटलं, विचार की. "आणि नाही म्हणाली तर?" एवढं बोलून तिने पुस्तक पुढे ओढलं आणि मोठमोठ्याने व्याख्या म्हणायला लागली.

तो विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मागे कधीतरी सुट्टीत यायचं विचारलं तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात, तेच ती धरून बसली आहे. माझा तुमच्यावर रोख नाही. तुमचा नवा संसार आहे, धाकटा लहान आहे, घरात जागा किती ते मला कुठे माहीत? पण तुमच्या गावातल्या कॉलेजचं माहितीपत्रक तिने उशाशी ठेवलं आहे. प्रवेश लवकरच सुरू होतील. तिच्या बाबांशी मी बोलले आहे. ते नाही म्हणाले नाहीत. खरं सांगू? मला ती इथेच हवी आहे. आत्ता कुठे ती मला तू म्हणायला लागली आहे.

पण ती तुम्हाला विचारणार नाही, म्हणून मी विचारते. न्याल तिला? हो असेल तर तिला फोन करा, आपणहून सुचल्यासारखं बोलवा, माझं नाव मधे आणू नका. आणि नाही म्हणायचं असेल, तर ते मला कळवा, ताई. तिला नको.

तुमचीच,
लेकीच्या घरची