स्कोपवरची लाल रेघ

मी, निशिकांत वामन दामले, वय ५९, राहणार सेंगकांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डायनिंग टेबलावर, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या शाबूत नाहीत. त्यांचं ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. आधीचं एखादं मृत्युपत्र सापडलंच तर ते रद्द समजावं, असं वकीलबाईंच्या सांगण्यावरून लिहितो. सापडणार नाही.

१. फ्लॅट माझ्या व पत्नी सौ. अरुणा हिच्या जोडनावावर आहे. माझ्यामागे तो आपोआप तिचा. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, नॉमिनेशनप्रमाणे. बाकी सर्व अरुणालाच, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याचकडे. घर एकतीस वर्षं तीच चालवते, आता कागदावर येईल एवढंच. "अहो, मग लिहायचं राहिलं काय?" असं तिने विचारलं. राहिलं ते पुढे.

२. माझी मॅग्नम रायफल आमच्या नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात आहे. ती मला कोणाला देता येत नाही. पुढचं पोलीस आणि क्लब बघतील. छातीचं हाड कापल्यावर तिचा धक्का मला सोसणार नाही, म्हणजे बुधवारनंतर जगलो तरी आमचं नातं संपलंच. वाईट वाटतं.

३. रायफलीवर बसवायचे स्कोप, म्हणजे नेमाच्या दुर्बिणी, माझ्याकडे दोन आहेत. पहिला, चोवीस पटीचा, बिघडलेला, धाकटे बंधू गोविंद, राहणार कोथरूड, यांना द्यावा. कारण असं. २०१० साली मी परवडणारा स्कोप शोधत होतो. माझा मित्र प्रताप सरनोबत तेव्हा क्लबात नवशिक्यांना शिकवायचा. तो म्हणाला, "निश्या, एवढ्या धक्क्याच्या रायफलीला स्वस्तात घ्यायचाय ना? मग दहा पटीचा घे, झूम नसलेला. आत हलणारं कमी, म्हणून टिकतो. आणि डोळा चार इंच लांब राहतो. पट बघू नकोस, अंतर बघ." गोविंद फोनवर म्हणाला, "तेवढ्याच पैशात चोवीस मिळतोय आणि तू दहा घेणार? वेडबिड लागलंय का?" मी चोवीसचा घेतला. त्यात बघायला डोळा अडीच इंचांवर न्यावा लागे, आणि पन्नास गोळ्यांच्या आत त्याच्या आतली नेमाची फुली जागची हलली. गोविंदाने तो शोकेसमध्ये ठेवावा व आल्यागेल्याला किंमत सांगावी.

४. त्या पन्नासातली एक गोळी माझी मुलगी शिवांगी हिने झाडली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि क्लबात तिच्याइतका स्थिर हात कोणाचा नव्हता.

नापसंत असूनही स्कोप प्रतापनेच बसवून दिला होता. स्क्रू आवळले की तो आपल्या बायकोच्या, संजीवनीवहिनींच्या, लाल नेलपॉलिशने स्कोप धरणाऱ्या कड्यावरून त्याच्या नळीवर एक रेघ ओढतो. काही सरकलं तर रेघ तुटते आणि कळतं. क्लबभर त्याची चेष्टा व्हायची. मला माझ्या चष्म्यातून पूर्ण गोल दिसेना, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेला निघण्याआधी मी कडी सैल करून स्कोप बोटभर मागे, डोळ्याकडे ओढला आणि पुन्हा आवळला. रेघ तुटली. प्रताप ओरडेल म्हणून अरुणाच्या रिमूव्हरने ती पुसून टाकली.

शिवांगी गाल पुढे टेकवून नेम धरते. तिथे तिने चाप ओढला आणि स्कोपची कड तिच्या भुवईवर आदळली. चार टाके. अर्धा इंच खाली लागली असती तर डोळाच.

क्लबाच्या चौकशीत विचारलं, "स्कोप कोणी बसवला?" मी म्हणालो, "प्रतापने." वाक्य खरं होतं, म्हणून तर ते सहज निघालं. प्रतापने स्कोप हातात घेऊन रेघ शोधली. रेघ नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उलट त्याच्यावरच ओरडलो, "बघतोस काय? पोरीचा डोळा गेला असता!" त्याने स्कोप खाली ठेवला आणि दोष अंगावर घेतला. क्लबाने त्याचं शिकवणं बंद केलं, मग त्याने येणंच बंद केलं. सात वर्षं मी गणपतीच्या जेवणावळींतसुद्धा प्रतापच्या निष्काळजीपणाची गोष्ट रंगवून सांगत आलो. मला या सांगण्याची लाज वाटते.

५. या चौथ्या कलमाची प्रत क्लबाच्या समितीला उद्याच, माझ्या मरणाची वाट न बघता, पाठवावी.

शिवांगीला काल सांगितलं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय न्यू ला, बाबा. यू ऑलवेज शिफ्ट एव्हरीथिंग. बट टेल अंकल." अपघातानंतर तिने रायफलीला हात लावलेला नाही, आणि मी तिला कधी कारण विचारलं नाही.

६. दुसरा स्कोप दहा पटीचा, प्रतापने सांगितलेलाच. अपघातानंतरच्या वर्षी गुपचूप घेतला. सहा वर्षांत केसभर हललेला नाही. तो प्रतापला द्यावा. त्याला घेता न आल्यास शिवांगीला.

इथे एक अडचण आहे. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. आणि मला साक्षीदार म्हणून प्रतापच हवा आहे. अरुणाने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "येतो. चहा नको." सह्यांआधी मी हे सगळं त्याला व शेजारच्या उल्काताईंना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. न बोलता उठून गेला तर त्याचा तो हक्क आहे, आणि स्कोप त्याचाच राहील. उल्काताईंचे यजमान घरीच आहेत. मग ते सही करतील.

वरील मजकूर माझा, व तो दोघांसमोर वाचून मी सही केली.

निशिकांत वामन दामले
सेंगकांग, सिंगापूर. रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

साक्षीदार:

(१) उल्का चंद्रशेखर पेठे

(२) प्रताप सरनोबत
ऐकलं. रेघ पुसलेली मला तेव्हाच कळली होती. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. सही केली आहे, म्हणजे स्कोप शिवांगीचा. बसवायला मी येईन, तिच्या डोळ्याच्या मापाने. नेलपॉलिश आणतो. तू हात लावायचा नाहीस.