बोलिव्हियातल्या भावाची तजवीज

या कागदाचा खर्च आधी मांडतो. वकिलाने पंचेचाळीस पौंड सांगितले. मी म्हटलं, मजकूर मीच मराठीत लिहितो, मुलगी इंग्रजी करेल, तुम्ही फक्त तपासा. तेव्हा तो विसावर आला. मुलीने भाषांतराचा मोबदला मागितला: दोनदा गाडी शिकवायला न्यायचं आणि शिकवताना ओरडायचं नाही. बायकोने अट घातली की कोणाबद्दल वाईटसाईट लिहायचं नाही. सगळं धरलं तर वकीलच स्वस्त पडला असता.

आता रीतसर. मी, श्रीकांत गजानन धोपेश्वरकर, वय साठ, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार कॉव्हेंट्री, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना (उलट ‘आत्ताच कशाला’ असं घरात सगळे म्हणत असताना) हे लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, रुटीन आहे. गिअरबॉक्स उघडण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर, त्यातल्या सामानासह, माझी पत्नी सौ. प्रमोदिनी हिला. हे घर फॅक्टरीतल्या रात्रपाळ्यांवर उभं आहे. विकायचं झालं तर तिने खुशाल विकावं, पण माझ्या भावाला विचारून नव्हे. तो सांगलीत बसून कॉव्हेंट्रीचे भाव सांगतो.

२. गॅरेज. फॅक्टरीने कामगार कमी केले तेव्हा मिळालेल्या पैशांवर मी ते उघडलं. माझी एकुलती मुलगी कु. शिल्पा हिने ते चालवावं असा माझा मुळीच आग्रह नाही. ती लीड्सला भूगोल शिकते आहे, तिने भूगोलच करावा. गॅरेज विकून येणारी रक्कम निम्मी तिला, निम्मी तिच्या आईला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून येताना बरोबर आणलेले पाने मात्र विकू नयेत. धंद्याचं खरं भांडवल म्हणजे माझे कान. गाडी फाटकातून आत येते तेव्हाच मला कळतं, व्हॉल्व्ह वाजतोय की बेअरिंग. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझ्याबद्दल काय चाललंय तेही कळतं. हे भांडवल कोणाच्या नावावर करता येत नाही.

३. माझा ट्रॉली जॅक मी माझे मेहुणे चि. नंदू, राहणार हाउन्सलो, यांना देत आहे. तो गेली आठ वर्षं त्यांच्याच शेडमध्ये आहे. मी त्यांच्या घरी गेलो की तो दिसू नये म्हणून ताडपत्री टाकण्याचा त्यांचा त्रास यापुढे वाचेल.

४. हे कलम लांब आहे. वकिलांनी कंटाळू नये. मृत्युपत्र लिहायला बसलो ते यासाठीच.

१९८४ साली शेजारच्या मिसेस हॅकेट प्रमोदिनीला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये कॉफीला घेऊन गेल्या. तिथे टेबलावर परदेशातल्या गरीब मुलांचे फोटो मांडले होते. एक फोटो उचलायचा आणि त्या मुलाच्या शाळेचा, औषधाचा, जेवणाचा खर्च दरमहा संस्थेला द्यायचा. बायका वाकून वाकून निवडत होत्या. प्रमोदिनी म्हणाली, “ही काय भाजी आहे का, दाबून बघायला?” ती कोपऱ्यात जाऊन बसली, आणि सगळ्यांचं झाल्यावर टेबलावर जो उरला होता तो घरी घेऊन आली. तो एलिसेओ. बोलिव्हियातल्या डोंगरात राहणारा, पाच वर्षांचा, एक दात पडलेला. पैसे गॅरेजच्या खात्यातून स्टँडिंग ऑर्डरने दरमहा आपोआप जातील अशी व्यवस्था मी त्याच आठवड्यात केली.

याचा बोभाटा मंडळात झाला. ‘धोपेश्वरकर बाटले’ हे मी पुऱ्यांच्या रांगेत उभा असताना मागून ऐकलं. नंदूचा तर आजतागायत फोनवर पहिला प्रश्न असतो, “काय दाजी, येशूचा हप्ता भरलात का?” मी म्हणतो, “भरला. तू पदरचे पैसे घालून बायकोला सिनेमाला शेवटचं कधी नेलंस ते सांग.” मंडळातल्या, लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या एका डॉक्टरांनी मला सौम्यपणे विचारलं, “अहो, द्यायचंच तर आपल्याकडे काय मुलं कमी आहेत?” मी म्हटलं, “नाहीत कमी. तुम्ही कोणाला देता?” त्यांना तेवढ्यात कोणीतरी हाक मारली.

त्याच वर्षीची भाऊबीज. शिल्पा आठ वर्षांची. हाउन्सलोला नंदूच्या मुलांना ओवाळायला गेली होती. पोरं एलिसेओवरून काहीतरी बोलली असणार. घरी आल्यावर तिने फ्रिजवरचा फोटो काढून पाटावर ठेवला.

“आई, निरांजन लाव ना. मी ह्याला ओवाळते.”

“अगं, तो आपला…” प्रमोदिनीने वाक्य सोडून दिलं आणि निरांजन लावलं.

शिल्पाने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि माझ्याकडे हात केला. “त्याची ओवाळणी?”

“तो देईल की.”

“He’s in Bolivia, बाबा. तू दे.”

मी ताम्हनात एक पौंड टाकला. तेव्हापासून दरवर्षी टाकतो. फोटोची काच कुंकवाने लाल झाली आहे. तिने हे सगळं पत्रात त्याला कळवलं. त्याचं पत्र स्पॅनिशमध्ये येतं, तिथलं कोणीतरी ते इंग्रजी करतं आणि मी जेवताना प्रमोदिनीला मराठीत वाचून दाखवतो. म्हणजे पोरगं एक बोलतं आणि दोघं मिळून ते सुधारतात. पण त्या वेळच्या पत्रात लोकरीची विणलेली पट्टी होती, लाल-निळी, दोन्ही टोकांना गाठ. ‘बहिणीच्या हाताला.’ आमच्याकडे बहीण भावाला बांधते. या पठ्ठ्याने उलटं केलं. शिल्पाने ती विरेपर्यंत घातली.

आता तो पंधराचा आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत संस्था त्याला सांभाळते. नियम असा की पैसे देणारा गेला आणि घरच्यांनी पुढे चालवलं नाही, तर मूल दुसऱ्या कोणाच्या नावावर जातं आणि आपली पत्रं थांबतात. पोटाला कमी पडणार नाही, हे खरं. पण एके दिवशी त्याला सांगतील की कॉव्हेंट्रीचे लोक संपले, आता हे नवे. एकदा टेबलावर उरलेल्या पोराला पुन्हा टेबलावर ठेवणं मला मंजूर नाही. ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून मला घराची नाही, गॅरेजची नाही, या एकाच गोष्टीची काळजी आहे.

मी हे वरवर करत आलेलो नाही. १९९१ च्या मंदीत आमच्या रस्त्यावरची दोन गॅरेजेस बंद पडली. मी माझा एक माणूस कमी केला, स्वतः पुन्हा गाड्यांखाली झोपलो. पण एलिसेओचा एक महिनाही चुकू दिला नाही. हे मी मंडळाच्या स्टेजवरूनही सांगितलेलं आहे.

सबब माझ्या बचतीतून तीन वर्षांची पूर्ण रक्कम वेगळी काढावी, आणि एलिसेओची जबाबदारी मी शिल्पाच्या नावे करत आहे. प्रमोदिनी शाळेत डिनर लेडी आहे, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढते. तिच्या तुटपुंज्या पगारावर हा भार मी टाकू इच्छित नाही.

५. वरचं कलम मी काल संध्याकाळी स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. प्रमोदिनी कणीक मळत होती.

“शेवटचं काढा,” ती म्हणाली.

“का? शिल्पा तयार आहे.”

“असेल. पण तुमचं नाही ते तुम्ही तिला देणार कसं?”

मला वाटलं, आता तत्त्वज्ञान ऐकावं लागणार. तिने हात धुतले आणि सांगितलं. मंदीत बँकेने गॅरेजचा ओव्हरड्राफ्ट आवळला तेव्हा स्टँडिंग ऑर्डर परत गेली. संस्थेच्या बाईंचा फोन घरी आला. मी गाडीखाली होतो. प्रमोदिनीने त्यांना तिच्या खात्याचा नंबर दिला आणि एलिसेओला तिच्या नावावर करून घेतलं. गॅरेजची स्टेटमेंटं अकाउंटंटकडे जातात, मला कळायचं कारण नव्हतं.

“सांगितलं का नाहीस?”

“तेव्हा तुम्ही जेवतसुद्धा नव्हता धड. आणि नंतर स्टेजवर इतकं छान बोललात…”

“आणि सोमवारी मी टेबलावरून उठलो नाही, तर?”

“तर मी रडेन. शिल्पा रडेल. त्याचे पैसे एक तारखेला जातील.”

तेव्हा दुरुस्ती अशी. कलम ४ मधली शेवटची तरतूद रद्द. बचत सगळी प्रमोदिनीला. त्यातले पन्नास पौंड शिल्पाला, पुढल्या काही भाऊबिजांची ओवाळणी म्हणून, कारण तेवढंच माझ्या हातात आहे. वकिलांनी नोंद घ्यावी: एलिसेओ माझ्या मालमत्तेत मोडत नाही. फेब्रुवारी १९९१ पासून त्याचा खर्च डिनर लेडीच्या पगारातून जातो.

सही: श्रीकांत गजानन धोपेश्वरकर
कॉव्हेंट्री, ११ ऑक्टोबर १९९४

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. आम्हाला यातलं काहीही मिळणार नाही.
१. श्रीनिवास मोघे
२. डोरीन हॅकेट (मराठी येत नाही; सही ओळखते)