सासूबाई, कबुतरं आणि एक तक्रार

४ मार्च

नोटीस मीच चिकटवली. इमारतीचा सेक्रेटरी ना मी! ‘कबुतरांना दाणे टाकण्यास सक्त मनाई. दंड होईल.’ वर आलो तर सासूबाई गॅलरीत, मुठीत गहू. कठड्यावर चाळीसएक कबुतरं.

जावयाने सासूला काय बोलायचं? “चहा झाला का?” म्हणालो.

६ मार्च

हिला म्हटलं, तू सांग. “सेक्रेटरी कोण, तू की मी?” म्हणाली. आई तिची आणि सांगायचं मी — वा!

खरं तर दोघांनाही धीर होत नाही. सासूबाई स्वतःचं घर विकून आमच्याकडे आल्या, त्याला आठ महिने झाले. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात, ही ऑफिसात. परतायला अंधार. एवढा वेळ त्या बोलणार कोणाशी? परवा एका कबुतराला रागावत होत्या — “तू मघाशी खाल्लंस ना रे, लबाडा!”

११ मार्च

पालिकेचा माणूस आला. तक्रार आली आहे म्हणे. दंडाची पावती माझ्याच नावाने फाडली — सेक्रेटरीच्या! सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, मग विचारलं, “तक्रार कोणी केली?”

“ते सांगता येत नाही, आजी.”

तो गेल्यावर म्हणाल्या, “खालचे सरच! त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी खराब होतात ना.” मलाही तसंच वाटलं.

१२ मार्च

सर जिन्यात भेटले, हसले. मी नाही हसलो.

१५ मार्च, रविवार

सासूबाई खाली भांडायला गेल्या! मी मागोमाग, एकाच पायात चप्पल. सरांनी दार उघडलं आणि या सुरूच — “मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढता, लाज नाही—”

आणि थांबल्या.

आत पलंगावर सरांची बायको. नाकात नळी. उशाशी मशीन घरघरत होतं. गॅलरीचं दार बंद, फटींत कापडाचे बोळे कोंबलेले.

“फुप्फुसं गेलीत हिची,” सर हळूच म्हणाले. “कबुतरांची घाण, पिसांची धूळ... डॉक्टर म्हणतात त्यानेच. तुम्ही बसा ना.”

“मला आधी का नाही सांगितलंत?” सासूबाई म्हणाल्या.

बाईच बोलल्या. दोन शब्द, दम, पुन्हा दोन शब्द. “तुम्हाला... करमत नसेल... म्हटलं.”

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. तक्रारीचा विषय निघालाच नाही. कोणत्या तोंडाने काढणार?

१६ मार्च

संध्याकाळी आलो तर गॅलरीचं दार लावलेलं, सासूबाई काचेकडे पाठ करून बसलेल्या. डोळे सुजलेले.

“टकटक करतात हो,” म्हणाल्या.

गव्हाचा डबा रिकामा. सगळा दळायला दिला.

२१ मार्च

कबुतरं कमी झाली. आज नाकाला फडकं बांधून मी गॅलरी ओल्या पोछ्याने पुसली. सासूबाई दारातून सूचना देत होत्या. “तो कोपरा राहिला, जावईबापू!”

२ एप्रिल

सर शिकवण्या घेतात तोवर सासूबाई आता खालीच असतात. बाईंना पेपर वाचून दाखवतात, वेणी घालतात. “परवा ही इतकी हसली की दम लागला,” सर सांगत होते. “मी घाबरून धावलो, तर हातानेच मला — जा तिकडे!”

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, “सरांवर राग नाही आता माझा. त्यांनी तक्रार केली नसती, तर मी खाली उतरले असते का कधी?”

९ एप्रिल

प्रकरण मिटल्याची सही करायला पालिकेत गेलो. कारकुनाने फाइल माझ्याकडे फिरवली. वरचाच कागद तक्रारीचा. अक्षर पाहिलं. हिचं!

‘खालच्या बाईंना श्वास घेता येत नाही.’ पुढे रकाना — ‘संबंधितास समज दिली काय?’ त्यात लिहिलेलं: ‘नाही. माझी आई आहे. तोंडावर सांगवत नाही.’

घरी पाऊल टाकलं आणि सासूबाईंनी विचारलंच, “कळलं का हो? सरच ना?”

ही ताटं मांडत होती. तिचा हात थांबला.

“नाव नव्हतं लिहिलेलं,” मी म्हणालो.