भिंतीपलीकडची ऊब

१४ आजर

पोचले एकदाची! खिंडीच्या तोंडाशी उभी राहून अशी आरोळी ठोकली की खुदाकरम मश्दींचं खेचर बिचकून मागं सरलं. मश्दी म्हणाले, "माहरुख खानम, डोंगर बहिरा नाही." मी म्हटलं, नसेलही, पण आता इथं कोण राहायला आलंय ते त्याला कळायला हवं.

हिवाळाभर बादखोर खिंडीतला हा निवारा माझ्या ताब्यात. दगडी एक खोली, वर पत्रा, मागच्या भिंतीला लागून लोखंडी बुखारी, तिचं धुराडं छपरातून वर. भिंतीला फळ्यांचे बाक. इस्फहानला गिर्यारोहण मंडळाच्या बैठकीत आगा तवक्कोलींनी भुवया चढवून विचारलं होतं, एकटी बाई, अख्खा हिवाळा? मी म्हटलं, हिवाळाही एकटाच येतो, त्याला कुणी विचारत नाही. सगळे हसले आणि किल्ली मला मिळाली.

मश्दींनी इतकी वर्षं हा निवारा सांभाळला, आता गुडघे बोलायला लागले म्हणून सोडला. पत्रा कुठं गळतो, दार कुठं अडतं, सगळं दाखवलं. बुखारीबद्दल मात्र एकच सांगितलं: सकाळी पेटव, दुपारी विझू दे. रात्री गोधड्या पुरतात. मी विचारलं, आणि संध्याकाळी खिंडीतून कुणी गारठून आलं तर? मश्दींनी साखरेचा खडा दातात धरला आणि चहा ओढत राहिले. म्हातारा सरपणाला जपणारा दिसतोय.

१७ आजर

सरपण रचलं. खाली बलूतची जाड लाकडं, वर ओर्स झाडाच्या ढलप्या. दाराशी गवनच्या काटेरी झुडपांचा ढीग. हात ओरबाडून निघाले, पण या काट्यात चीक असतो, वर बर्फ बसलेलं असलं तरी भडभडा पेटतो.

मग माझा पत्र्याचा डबा उघडून सगळं पुन्हा तपासलं. मी गिर्यारोहण शिकवते त्या शिबिरातली पोरं या डब्याला हसतात. प्रत्येकाच्या खिशात लायटर असतो ना! पहिल्याच दिवशी मी त्यांना लायटर रात्रभर तंबूबाहेर ठेवायला लावते. सकाळी नुसतं चाक फिरवत बसतात, थंडीत गॅस वर येतच नाही. लायटर ठेवायचाच तर आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. काड्यांची डोकी मेणात बुडवलेली. चकमकीची कांडी, ही भिजली तरी ठिणगी देते. व्हॅसलिन चोळलेले कापसाचे बोळे, ठिणगी पडली की चहा होईपर्यंत जळतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, घाण धूर सोडतात, पण पावसातही विझत नाहीत. आणि ओर्सची साल, तळहातावर चोळून केसांसारखी मऊ केलेली.

एकाच गोष्टीवर विसंबलेली माणसं मी बर्फातून उचलून आणली आहेत. माझ्या देखत तरी तसं कुणी मरायचं नाही.

२१ आजर

पहिलं मोठं बर्फ. संध्याकाळी कॉलेजची पाच-सहा मुलं आली, ओठ निळे पडलेले. डाळीचं दाट आश उकळलं, वर आंबट ताकाचं कश्क ओतलं. बुखारी लालभडक. त्यातला एक दरवर्षी येणारा म्हणाला, "खानम, मश्दींच्या वेळी आम्ही इथं बूट घालून झोपायचो. आज पहिल्यांदा मोजे काढलेत!" एकीनं म्हटलं, आणि सगळ्यांना वासही दिलाय. हसून हसून पुरेवाट.

बुखारी रात्रभर चालू ठेवली. यापुढं तशीच ठेवणार. खिंडीत कुणी अडकलं तर त्याला धूर दिसायला हवा, नाहीतर निवारा कशाला म्हणायचं?

२४ आजर

मुलं खाली गेली. मी फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर पडले.

मागच्या भिंतीला बर्फ कमरेइतकं चढलंय. बुखारीच्या बरोब्बर पाठीमागं त्यात एक पोकळी आहे. उबेनं भिंत तापते, बर्फ वितळणारच. पण मग ते वरपासून खालपर्यंत सारखं वितळायला हवं. ही पोकळी वर गोल आहे, मग दोन बाजूंना रुंद, मग खाली दोन लांब चर पुढं आलेले. कुणीतरी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसून गेल्यासारखी.

पावलांचा ठसा एकही नाही, ना येतानाचा ना जातानाचा. कोल्हा असेल. फावड्यानं बुजवून टाकली.

२६ आजर

आज दोन. नवी पोकळी पहिलीच्या शेजारी, खांद्याला खांदा. हा दुसरा मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक छोटा गोल खळगा. बराच वेळ बघत राहिले तेव्हा कळलं. कोकरू. मांडीत कोकरू घेऊन बसलेला धनगर.

बुजवल्या नाहीत. हात लावावासा वाटला नाही.

आत आले तर किटली अजून नुसती कोमट. मी बाहेर जातानाच बुखारीवर ठेवली होती.

२७ आजर

पाणी उकळत नाही. लाकूड ओलं असेल म्हणून सगळं बाहेर काढलं, पहिल्यापासून रचलं. एकेक करून सगळं वापरून पाहिलं: काडी, चकमक आणि कापूस, साल, ट्यूबची पट्टी. प्रत्येक गोष्ट पहिल्या झटक्यात पेटली. ज्वाळा धुराड्यापर्यंत गेल्या. खोलीभर उजेड.

बुखारीचं दार उघडून ज्वाळेवर हात धरला. मग ज्वाळेत धरला.

काहीच नाही. झऱ्यात हात घातल्यासारखं.

२९ आजर

वॉकीटॉकीवर खाली सराब गावात मश्दींना गाठलं. आडवळणानं विचारलं, मागच्या भिंतीला कधी काही पाहिलं होतं का?  त्यांनी उलट विचारलं, "किती आहेत?"

हसावं की शिव्या द्याव्यात ते कळेना. त्यांना सगळं ठाऊक होतं! म्हणाले, खिंडीत गारठून गेलेले ते. कुठल्या कुठल्या काळचे, मेंढपाळ, शिपाई, वाट चुकलेले. आग दिसली की उबेला येऊन बसतात. म्हणून मी आग बारीक ठेवायचो, पोरी. दुपारी विझवायचो. तुझी आग चांगली, आसपास दुसरी अशी नाही. जिथं आग जोरात तिथं ते. तू जेवढं पेटवशील तेवढे येणार आणि सगळी ऊब भिंतीतून ओढून नेणार. विझव आणि खाली ये.

मी म्हटलं, म्हणजे मेलेल्यांना थंडी वाजू नये म्हणून जिवंतांनी थंडीत मरायचं?

"भांडायचं कुणाशी, माहरुख खानम? त्यांच्याशी?"

हो, म्हटलं. त्यांच्याशीच. सुरुवात कुणीतरी करायलाच हवी.

ते म्हणाले, तुझ्या आईनं तुला जन्म दिला की दगडातून फोडून काढलं?

३० आजर

यल्दा, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र; उद्यापासून दै महिना. खाली घराघरात डाळिंबं सोलत असतील. मीही एक आणलं होतं. दाणे गोठून कडकडीत झालेत, खडीसाखरेसारखे फोडून खाल्ले.

भिंतीला तोंड लावून मोठ्यानं बोलले. सणाच्या शुभेच्छा दिल्या. तुमचं वाईट झालं, मला खरंच वाईट वाटतं, म्हटलं, पण ही जागा जिवंतांची आहे. आता उठा.

पलीकडून पाठी घासल्याचा आवाज आला. सरकून बसल्यासारखा. आणखी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

२ दै

भिंत भरली. दोन रांगा आहेत आता. पुढच्या रांगेतले मागच्यांच्या गुडघ्यांना टेकून. एक पोकळी अगदी दाराजवळ आहे.

बुखारीवर दव गोठलंय. आत आग पेटलेली आणि वर बर्फाची साय.

सकाळी आकाश मोकळं होतं, पाठीवर पिशवी टाकून निघाले असते तर उजेडातच सराबला पोचले असते. पिशवी भरलीही होती. तेवढ्यात वॉकीटॉकीवर आवाज आला. पेमान नावाचा माणूस, बरोबर बायको आतूसा, पलीकडच्या कड्यावरून उतरताहेत, ढग दाटले तर निवाऱ्याला येऊ का? तिथं ऊब आहे ना?

आहे, म्हटलं. या.

पिशवी रिकामी केली.

३ दै

दुपारपासून वादळ. धूर दिसावा म्हणून बुखारीत ट्यूबच्या पट्ट्या टाकत राहिले. तो काळा धूर बघूनच ते आले. पेमान तिला ओढत आणत होता. ओढ्यावरचं बर्फ फुटून ती कमरेपर्यंत पाण्यात गेली होती. ओले कपडे काढले, माझे सगळे कोरडे घातले, गोधड्यांत गुंडाळलं, त्याला तिच्याशेजारी आत घातलं. पण तोही गारठलेला. ओलं लाकूड ओल्या लाकडाला काय पेटवणार?

पेमान बुखारीपाशी गेला, हात पुढं केला आणि माझ्याकडं वळून पाहिलं. "खानम, ही— ही गरम का नाही?"

काय सांगू? म्हटलं, होईल.

आतूसाचं थरथरणं थांबलंय. हे चांगलं लक्षण नाही. मघाशी गोधडी फेकून देत होती, उकडतंय म्हणाली. वॉकीटॉकीवरून नुसती खरखर. वर कुणी येऊ शकणार नाही आणि तिच्याकडं तेवढा वेळ नाही.

भिंतीमागं ते घासणं. सगळीकडून. दाराकडूनही.

जिथं आग जोरात तिथं ते. मश्दी असंच म्हणाले होते.

३ दै, थोड्या वेळानं

ठरवलं. इथली आग पूर्ण विझवायची. खिंडीच्या तोंडाशी उंचवट्यावर मोठी पेटवायची, डोंगरभर दिसेल अशी. ते सगळे तिकडं गेले की पेमाननं बुखारी पुन्हा पेटवायची, बारीक. बारीक आगीची ऊबही तिला पुरेल.

त्याला खरं कारण सांगितलं. विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण बाहेरचं घासणं त्यानंही ऐकलंय. म्हणाला, मी जातो. मी विचारलं, वादळात गवन पेटवता येतो? नाही, म्हणाला. मग म्हटलं, तू बायकोला धरून बस, वाद घालू नकोस. मेणाच्या काड्या, कापसाचे चार बोळे आणि साल त्याला दिली, कसं रचायचं ते करून दाखवलं. डब्यातलं बाकीचं मी घेतलं. लायटर बगलेत. ही वही कोटात.

विचारत होता, तुम्ही परत कशा येणार? म्हटलं, चालत.

गवनचा भारा ताडपत्रीवर बांधून ओढत नेणार. बुखारी विझवली. आता दार उघडते—

३ दै, बाहेर

पेटली! पहिल्या दोन वेळा वाऱ्यानं ठिणगी पळवली. मग ताडपत्रीखाली पालथी पडून, छातीखाली, कांडी ओढली. कापूस, मग पट्टी, मग गवन. भडका माझ्या डोक्यावर गेला. भुवया जळाल्या असाव्यात.

गरम आहे. ही गरम आहे. रडू आलं.

येताहेत. धुक्यातून. बर्फावर पाऊल उमटत नाही. घोंगडीवाला, कोकरू छातीशी. टोपीवाला शिपाई. रंगीत कोट घातलेले दोघे, माझ्या शिबिरातल्या पोरांच्या वयाचे. सगळ्यांच्या पापण्यांवर बर्फ. कुणी काही बोलत नाही. बसताहेत गोलात.

बसा. सगळे बसा. इकडंच बसा.

निवाऱ्याच्या धुराड्यातून धूर. पांढरा, बारीक, अगदी मी सांगितला तसा. शाब्बास रे पेमान.

अजून

तो ओरडला दारातून! वाऱ्यातून तुटक ऐकू आलं— किटली— उकळली— ती थरथरतेय पुन्हा—

थरथरतेय. जगेल.

तो मला हाका मारतोय. पण मी गेले तर ही विझेल आणि ते परत भिंतीला. गवन टाकत राहायला हवं. ढीग अजून आहे. बोटं काळी, लिहिताना

ही आगही थंड पडतेय. उजेड तेवढाच. धग नाही. पिऊन टाकली त्यांनी.

आता आगीकडं बघत नाहीत. माझ्याकडं. सगळेच. इथं गरम उरलेली मीच एक.

कोकरूवाला सरकला. शेजारी जागा केली. हातानं थोपटून दाखवतोय बर्फ. ये, बस.

नाही बसत. उभीच राहणार मी. ऐका रे, ऐकताय का, मी बसणार नाही—

ट्यूब आहे अजून. कांडी आहे. शेवटच्या काट्यापर्यंत पेटवत राहीन, मग ही वही पेटवीन, मग कोट— एवढे जण आलात तरी एका बाईला बसवता येत नाही तुम्हाला? या. या पुढं. आधी कोण विझतं ते बघू. ठिणगी पडली, नव्या काट्यांनी पेट धरलाय, वारा फिरला तरी धरलाय, आता मी