एका कमानीचे दोन चाकू

३ ऑक्टोबर १९५७, देवरी

नागपूरहून आजही काही नाही. दवाखान्याची शस्त्रांची पेटी धार लावायला पाठवून पाच महिने झाले. स्मरणपत्रे तीन. तिथे कोणी कारकून माझ्याच सुऱ्यांनी पेन्सिली तासत बसला असेल. गुरांच्या दवाखान्याला शस्त्र लागते हे या लोकांना कोणी सांगायचे? तोवर माझ्या खिशातला चाकू हेच सरकारी शस्त्र.

चाकू दोन. एक विलायती, पहिल्या पगारात नागपूरच्या सीताबर्डीवर घेतलेला. तो पेरू, सुपारी, पेन्सिल यासाठी. दुसरा इथल्या सुकलू लोहाराने मोटारीच्या तुटलेल्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, पंधरा दिवसांपूर्वी करून दिलेला. तो बैलांच्या खुरांना आणि गळवांना. सौ.ची सक्त ताकीद, ढोराला लावलेले पाते घरात येता कामा नये. इथून पुढे लिहिताना विलायती तो वि. आणि कमानीचा तो क.


६ ऑक्टोबर

संध्याकाळी पोस्टाच्या ओसरीवर बिसेन पोस्टमास्तरांशी नेहमीचा वाद. सगळ्यांत चांगले पोलाद कोणते? माझे मत: वि. दगडावर चार हात मारले की तयार, पण धार तशीच लवकर बसते. क. चिवट. धार यायला अर्धा तास घासा, पण आली की आठवडा बघायला नको. आऱ्याच्या पात्याचा चाकू पातळ, वाकतो. जुन्या कानशीचा सगळ्यांत तिखट, पण टेकवून जोर दिला की टोक मोडलेच. बिसेनांचा कानशीचा असाच मोडला. म्हणून त्यांनी सुकलूकडून क. करून घेतला. माझा आणि त्यांचा एकाच कमानीचा, असे सुकलू म्हणतो.

ते त्याने रोज टपालाच्या थैल्यांची सुतळी कापतात. आज माझ्यासमोर सहा थैल्या कापल्या आणि मग हातावरचे केस काढून दाखवले. वर म्हणे, "पाय बाप्पा डाक्टर, तुमच्या विलायतीले हे जमते का?" जमते. पण दाखवायचा मूड नव्हता.


११ ऑक्टोबर

आज लाज गेली. एका शेतकऱ्याचा बैल, मागच्या खुरात पू. क. ज्योतीत धरून तांबूस होईपर्यंत तापवला, हवेत गार केला. माझा नियम आहे, शिक्षणात डोक्यात बसवलेला: स्पिरीटच्या दिव्यातून काढल्याशिवाय पाते जखमेला लावायचे नाही. इथे दुसरे कोणी हे करत नाही. पाते लावले तर खुरावर सरकले. कापेचना. जोर दिला, बैलाने लाथ घातली, मी शेणात. मालक पोट धरून हसला. म्हणाला, "डाक्टर, भाकर कापाची सुरी आनली का जी?"

घासून तासभर धार लावली आहे. उद्या बघू.


१४ ऑक्टोबर

पुन्हा तेच. घासली की धार येते, दोन खुरे झाली की गेली. धार दुमडते. लोखंडी चमचा आणि हा चाकू यात फरक राहिला नाही. आणि बिसेनांचा क. आजही केस काढतो!

एकाच कमानीचे दोन, मग एक असा आणि एक तसा कसा? उत्तर सरळ आहे. एकाच कमानीचे नाहीत. सुकलूने पोस्टमास्तरांना कमान दिली आणि मला पत्रा. मोटारीच्या कमानीचा उरलेला तुकडा कुणा दुसऱ्याच्या कोयत्याला गेला असेल. त्याला वाटले असेल, ढोरांचा डॉक्टर, याला काय कळते.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.


१८ ऑक्टोबर

सुकलूच्या भट्टीवर गेलो. चाकू समोर टाकला. त्याने उचलला, उजेडात फिरवून पाहिला, नखाने टोकरला. मग आगीचे, दिव्याचे काहीतरी बरळू लागला. मी बोलूच दिले नाही. म्हटले, चूप, तू मला शिकवणार? मी सरकारी माणूस आहे, पोलादाच्या शस्त्रांनी शिकलो आहे. तू मला साधे लोखंड दिलेस. खरी कमान कुठे घातलीस ते सांग.

तो भाता ओढत राहिला. बायको त्याची घण घेऊन उभी होती, तिने खाली पाहिले. अपराधी माणसे अशीच गप्प होतात.


२५ ऑक्टोबर

बाजार. सुकलूचे दुकान चिंचेखाली असते. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी लागली, विळ्यांना दाते काढायला माणसे रांगेने बसलेली. मी तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले: हा माणूस कमान म्हणून साधे लोखंड देतो, पाहा हा चाकू. एकाच्या हातात दिला आणि त्याची काठी कापायला लावली. धार वाकली. सगळ्यांनी पाहिली.

एक म्हातारा उठला, आपला विळा उचलून गेला. मग दोघे. मग आणखी.

घरी येताना हलके वाटले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.


२८ ऑक्टोबर

गोंदियाच्या लाखेच्या कारखान्याचे शेटजी जीपने आले होते. पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडायला साठ चाकू हवेत. सुकलूचे नाव कुणीतरी दिले होते, पण मोठे काम देण्याआधी शिकलेल्या माणसाला विचारावे म्हणून माझ्याकडे. "डाक्टर साब, ये लोहार आदमी कैसा है?"

मी सांगितले तो कसा आहे.

शेटजींनी मान हलवली आणि चहासुद्धा पुरता न पिता गेले.


१ नोव्हेंबर

बाजार. चिंचेखाली सुकलू आणि बायको, पुढे कोणी नाही. विळे घेऊन लोक दोन कोसांवरच्या दुसऱ्या लोहाराकडे जात आहेत. बरे वाटले. कशाला खोटे लिहू, वाटले.

सौ. म्हणाली, "कापनीच्या दिवसात लोहाराचं दुकान बंद पाडलं तुमी. वर्षाचं काम त्याचं याच महिन्यात राहते." मी म्हणालो, त्याने मला पत्रा... पुढे तिने ऐकले नाही, पाण्याला गेली.


५ नोव्हेंबर

क. फेकून दिला. आता नाइलाजाने वि. गुरांना वापरतो. पाच वर्षे पेरू कापलेला चाकू. दिव्यात धरताना वाईट वाटले. सौ.ने पेरू दाताने खायला सांगितला आहे.

काम मात्र झाले. म्हशीच्या खांद्याचे गळू एका रेघेत उघडले. याला म्हणतात पोलाद! बिसेनांना ऐकवले. ते हसले नाहीत. बाजारातले त्यांना आवडलेले नाही, दिसतेच आहे. न आवडो.


११ नोव्हेंबर

वि. मेला.

सहा दिवस. फक्त सहा. क.सारखाच, घासली की येते, लावली की जाते. इंग्रजांनी इतकी वर्षे राज्य केले आणि पोलादसुद्धा खोटे विकून गेले. सीताबर्डीचा तो दुकानदार भेटला असता तर आज त्याच्या टेबलावर हा चाकू रोवला असता. रोवता आला असता तर.

पाते निळसर दिसते. टोकाकडे जांभळे. आधी नव्हते.


१२ नोव्हेंबर

सकाळी ओसरीत पाते पाहत बसलो होतो. सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाळता त मरते, नाही जाळत त चालते. पोस्टमास्तर आपला चाकू दिव्यात धरते का?"

मी म्हणालो, तुला यातले काय कळते. तिने सूप झटकले.

आज दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला फरक पडलेला नाही.


१४ नोव्हेंबर

काल रात्री झोप लागली नाही. सकाळी बिसेनांकडे गेलो. म्हटले, तुमचा चाकू द्या, एक प्रयोग करायचा आहे. खराब होईल कदाचित. त्यांनी खिशातून काढून न विचारता दिला.

दवाखान्यात आलो, स्पिरीटचा दिवा पेटवला. नेहमी धरतो तसाच, तांबूस होईपर्यंत. हवेत गार केला. पुन्हा. एका दिवसात चार गळवे झाल्यासारखे, चार वेळा. पाते निळे झाले. टोकाकडे जांभळे. मग पोस्टात जाऊन सगळ्यांसमोर थैलीची सुतळी कापायला घेतली. घासली. घासली. सुतळी केसाळ झाली, तुटली नाही.

बिसेनांनी चाकू माझ्या हातातून घेतला, मिटवला. "आता हा कोनाच्या नावावर टाकता, डाक्टर?"

सुकलूने पाणी बरोबर दिले होते, तापलेले पाते बुडवून कडक केले होते. मी ते रोज थोडे थोडे जाळत होतो. दोन्ही एकाच कमानीचे होते. गाढव मी.

माझा शहाणपणा, माझा दिवा, माझा नियम! पाते उकळत्या पाण्यात टाकता येते हेही मला शिकवले होते. पण दिवा दिसायला डॉक्टरासारखा दिसतो. खरे कारण तेच.


१५ नोव्हेंबर

भट्टीवर गेलो. भाता खुंटीवरून उतरवलेला. बायको हातोडे पोत्यात भरत होती. भिलाईकडे लोखंडाचे मोठे काम निघाले आहे, तिकडे जातो, सुकलू म्हणाला.

मी सांगितले. सगळे. दिवा, प्रयोग, बिसेनांचा चाकू. चूक माझी, तुझी काही नाही.

"मले मालूम हाय जी."

कधीपासून?

"तुमी आनून टाकला तवापासून. निळा होता ना तो. आगीतून गेल्याबिगर असा निळा होत नाही. पानी उतरलं त्याचं. परत पानी देऊन देतो म्हनत होतो, फुकटात."

मग सांगितले का नाहीस?

"सांगूनच राहिलो होतो. तुमी म्हनले, चूप."

घरी येऊन १८ तारखेचे पान काढले. लिहिले आहे, बरळू लागला. त्याचे एक वाक्य मी लिहून ठेवलेले नाही. माझी सगळी आहेत, एकेक.

राग येतो. त्याच्यावरही येतो! त्याने ओरडायचे होते, माझी कॉलर धरायची होती, बाजारात मी बोलत होतो तेव्हा उठून म्हणायचे होते की डॉक्टर खोटे बोलतो. गप्प काय बसला? पण लोहाराने सरकारी माणसाची कॉलर धरली असती तर काय झाले असते तेही मला ठाऊक आहे. त्यालाही.


१७ नोव्हेंबर

बसने गोंदियाला जाऊन आलो. शेटजी गादीवर. सगळे सांगितले. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "अब क्या करें साब, चाकू तो बन गए." साठही चाकू दुसरीकडे झाले. वर मलाच समजावले, आप पढ़े-लिखे आदमी हैं, आपकी बात पर हमने किया.

परतीच्या बसमध्ये शेजारच्याने काय झाले विचारले. त्याच्यावर खेकसलो. त्याचा काही दोष नव्हता.


२२ नोव्हेंबर

बाजार. चिंचेखाली सुकलू नव्हताच. त्याच्या जागेवर एकजण लसूण विकत होता. मी तिथेच उभा राहून सांगितले, जेवढ्या मोठ्याने त्या दिवशी सांगितले होते तेवढ्याच मोठ्याने. सुकलूचा चाकू खरा होता. मी जाळला. चूक माझी.

चारपाच जण थांबले. एकजण म्हणाला, "काऊन जी डाक्टर, लोहारानं फुकटात नवा चाकू देल्ला का?" हसले. दुसरा म्हणाला, "धार वाकली ते आमी डोळ्यानं पायली ना!" तो विळा उचलून गेलेला म्हातारा बसला होता. त्याला हात धरून समजावू लागलो. तो म्हणाला, "असन बाप्पा, असन," आणि लसणाचा भाव विचारू लागला.

खोटे एकदा बोललो आणि पटले. खरे तासभर बोललो, घसा बसला. या लोकांना धरून हलवावेसे वाटले. यांना मीच शिकवले आहे हे, एका काठीवर.


२४ नोव्हेंबर

सुकलू उद्या जातो असे बिसेनांनी सांगितले. ते त्याला भेटून आले होते. त्यांचा जळका चाकू त्याने परत पाणी देऊन दिला, शेवटचे काम म्हणून. भाता त्यासाठी पुन्हा टांगला होता.

ऐकले आणि सरळ घरोघर निघालो. भारी, उशिरा येणारे धान अजून उभे आहे, विळे बोथट आहेतच. दारात उभा राहून मागितले, तुमचा विळा द्या, मी सुकलूकडे नेतो, बिघडला तर मी नवीन देईन. काहींनी दार लोटले. एका बाईने विचारले, डॉक्टरला वेड लागले का. सौ. एका गल्लीतून गेली, मी दुसऱ्या. तिने न सांगता पदर खोचला होता. दुपारपर्यंत एकोणीस घरे. विळे चार. त्यातले तीन तिने आणलेले.

भट्टीवर नेऊन ठेवले. सुकलू पोत्याचे तोंड शिवत होता. "हे कोनी देल्ले?" नावे सांगितली. त्याने पहिला उचलला, दात्यांवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला. दुसऱ्याकडे पाहिलेच नाही.

मी म्हणालो, राहा. पुढच्या बाजारात मी तुझ्याजवळ बसतो, दिवसभर.

"चार इळ्यावर राहू का, डाक्टर?"

त्याची बायको म्हणाली, "उद्या धाची मोटार हाय." विळे मात्र त्याने परत दिले नाहीत.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, आणि त्याने त्याचे काही भागणार नाही हे कळते म्हणून आणखी संताप येतो. उद्या दहाला मी दवाखान्यात असेन. तिथून बसचा भोंगा ऐकू येतो. भट्टीवर घण पडला तर तोही ऐकू येतो.